वही डॉक्टरची की रोग्याची?

तुमच्या घरात खुंटीला, नाही तर कपाटाच्या तळाशी, एक पिशवी असेलच. वर कुठल्याशा साड्यांच्या दुकानाचे नाव आणि आत क्ष-किरणांचे फोटो, रक्ताचे रिपोर्ट, घडी पडून फाटलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. घरातले वडीलधारे माणूस आजारी पडले, की आधी पिशवी बाहेर निघते आणि मागून माणूस. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ती उपडी करायची, डॉक्टरांनी दोनचार कागद चाळायचे आणि विचारायचे, "मागच्या वर्षीचा रिपोर्ट कुठं आहे?" नेमका तोच नसतो. "तो होता हो डॉक्टरसाहेब, पण तो पहिल्या डॉक्टरांकडेच राहिला!" मग पुन्हा रक्त द्या, पुन्हा पैसे भरा, पुन्हा दोन दिवस थांबा.

हे केवळ गैरसोयीचे असते तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु एका डॉक्टरने दिलेले औषध दुसऱ्याला ठाऊक नसले, तर तेच औषध वेगळ्या नावाने दुसऱ्यांदा पोटात जाते. पेनिसिलिन सोसत नाही हे एका दवाखान्यात लिहिलेले असते आणि टोचणी दुसऱ्याच दवाखान्यात होते. आजच्या आजारपणात रोग्याला एकच डॉक्टर पाहत नाही. हृदयाचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा, शस्त्रक्रियेचा वेगळा. शिवाय परिचारिका, तपासणीची प्रयोगशाळा आणि औषधांचा दुकानदार. एवढ्या माणसांनी एका माणसाला बरे करायचे, तर प्रत्येकाला दुसऱ्याने काय केले ते कळले पाहिजे. ते कळावे कसे, या साध्या प्रश्नाचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि तो यंत्रापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो कागदाच्या एका पाकिटापासून.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. १८८३ साली तेथे मोठे चक्रीवादळ झाले. जखमींची शुश्रूषा करायला धड जागा नव्हती, म्हणून फ्रान्सिस्कन पंथाच्या जोगिणींनी पुढाकार घेतला आणि १८८९ साली सेंट मेरीज हे रुग्णालय उघडले. वैद्यकीय बाजू सांभाळली डॉ. विल्यम मेयो या वृद्ध गृहस्थाने आणि विल व चार्ल्स या त्यांच्या दोन मुलांनी. मेयो क्लिनिक म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेली संस्था ती हीच. या बापलेकांनी आणखी डॉक्टर जोडीला घेतले आणि एकाच रोग्याला अनेकांनी मिळून पाहायचे, अशी रीत पाडली. त्या काळी ही गोष्ट नवीन होती. डॉक्टर म्हणजे एकट्याचे दुकान, असाच सर्वत्र समज होता.

रीत नवी, पण वह्या मात्र जुन्याच. प्रत्येक डॉक्टरची आपापली जाड, कातडी बांधणीची वही असे आणि तीत रोज आलेल्या रोग्यांची टिपणे एकाखाली एक लिहिली जात. आपल्याकडच्या वाण्याची रोजमेळाची वही आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. सोमवारी तुम्ही काय नेले हे सोमवारच्या पानावर सापडेल. परंतु वर्षभरात तुम्ही एकूण काय काय नेले हे सांगायचे, तर वाण्याला सगळी वही उलटावी लागते. वाणी निदान खतावणी तरी ठेवतो, प्रत्येक गिऱ्हाइकाचे वेगळे खाते घालतो. डॉक्टरांना ती अक्कल सुचली नव्हती. एखादा रोगी तीन वर्षांनी परत आला, की एका डॉक्टरच्या वहीत एक पान, दुसऱ्याच्या वहीत दुसरे, शस्त्रक्रियेची नोंद तिसरीकडे आणि रुग्णालयातली चौथीकडे, अशी शोधाशोध व्हायची.

१९०१ साली हेन्री प्लमर हे डॉक्टर मेयो बंधूंकडे आले. गृहस्थ वैद्यकात निष्णात, पण मन इंजिनियराचे. या वह्यांचा गोंधळ त्यांना पाहवेना. निरनिराळ्या संस्था आणि व्यापारी पेढ्या आपले कागद कसे ठेवतात, ते त्यांनी हिंडून पाहिले. मेबल रूट या बाई त्यांच्या मदतनीस होत्या. नोंदी लावण्याच्या कामाचा मोठा वाटा त्यांचा आहे. मग १९०७ सालच्या जुलै महिन्यात प्लमरनी डॉक्टरांच्या वह्या बंद केल्या आणि नवी पद्धत सुरू केली.

पद्धत ऐकायला इतकी सोपी आहे, की यात काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. प्रत्येक रोग्याला तो प्रथम आला त्या दिवशी एक क्रमांक द्यायचा. त्या क्रमांकाचे एक पाकीट करायचे. त्याला कोणीही पाहो, कोठेही पाहो, तपासणी, शस्त्रक्रिया, प्रयोगशाळेचा निकाल, आलेले-गेलेले पत्र, सारे त्या एकाच पाकिटात जायचे. पाकीट ठेवायचे एका मध्यवर्ती जागी. दहा वर्षांनी तो माणूस पुन्हा आला तरी क्रमांक तोच आणि पाकीट तेच. खेरीज रोगांची आणि शस्त्रक्रियांची वेगळी सूची करायची, म्हणजे अमुक रोगाचे आजवर किती रोगी आले आणि त्यांचे पुढे काय झाले, हेही काढता येईल.

यात खरा बदल कोणता झाला ते पाहा. वही डॉक्टरची होती, ती रोग्याची झाली. डॉक्टरच्या मनाला ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. माझ्या रोग्याबद्दल मी काय लिहिले ते दुसरा वाचणार, माझे निदान चुकले असले तर तेही त्याला दिसणार! स्वतःची वही बाळगण्यात जो एक आडोसा असतो तो गेला. रोग्याचे हित त्या आडोशाआड नव्हते, हे प्लमरनी ओळखले, आणि मेयो बंधूंनी त्यांना तसे करू दिले. मला या साऱ्या हकिकतीत बंधूंचा हा मोकळेपणा प्लमरच्या कल्पनेइतकाच मोलाचा वाटतो.

पण पाकीट एकच, डॉक्टर अनेक आणि मजले वेगवेगळे. मग ते वेळेवर पोचावे कसे? येथे प्लमरमधला इंजिनियर पुढे सरसावला. १९१४ साली क्लिनिकची नवी इमारत झाली आणि १९२८ साली तिच्याहून भव्य अशी दुसरी उभी राहिली. दोन्हींच्या आखणीत त्यांचा हात होता. कागद वरखाली नेणारे छोटे पाळणे त्यांनी भिंतीतून खेळवले. हवेच्या दाबाने पाकीट नळीतून सुळकन दुसऱ्या मजल्यावर जाऊन पडेल, अशा नळ्या बसवल्या. रोगी जिना चढून वर येईपर्यंत त्याचा कागद डॉक्टरच्या हाती असे. आपण ज्याला आज माहितीचे तंत्रज्ञान म्हणतो ते हेच. फक्त त्यात विजेऐवजी वारा होता.

या पाकिटांचा आणखी एक उपयोग झाला. प्लमर स्वतः कंठग्रंथीच्या रोगांचे जाणकार. हजारो रोग्यांची सलग टिपणे हाताशी असल्याने गलगंडाचे प्रकार वेगळे काढणे त्यांना शक्य झाले. १९२०च्या दशकात, गलगंडाच्या एका विषारी प्रकारात शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीन दिले तर रोगी दगावण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९३६च्या शेवटच्या दिवशी प्लमर वारले. रॉचेस्टरमधली १९२८ची ती इमारत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पाकीट एक झाले, परंतु पाकिटात काय आणि कसे लिहावे, हा प्रश्न राहिलाच. इस्पितळातला जाडजूड केसपेपर ज्याने वाचला असेल त्याला हे दुःख कळेल. पहिल्या पानावर ताप, सातव्यावर साखर, पंधराव्यावर पुन्हा ताप; मधे कोणाचे अक्षर कोणाला लागत नाही. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरने याचा ध्यास घेतला. प्रयोगशाळेत काम करणारी मुले आपली टिपणे इतकी शिस्तीने ठेवतात आणि माणसाच्या जिवाशी गाठ असलेले डॉक्टर मात्र मनाला येईल तसे लिहितात, याची त्यांना चीड होती. १९६८ साली त्यांनी यावर एक लेख लिहिला, तो पुष्कळ गाजला. केसपेपरच्या आरंभी रोग्याच्या सगळ्या तक्रारींची क्रमवार यादी करा, असे वीड सांगत. मग प्रत्येक तक्रारीखाली चार गोष्टी लिहा: रोगी काय सांगतो, तपासून काय दिसले, त्यावरून तुम्हाला काय वाटते आणि पुढे काय करणार. यादीत डोळ्यांची तक्रार लिहिलेली असली, म्हणजे हृदयाच्या डॉक्टरलाही ती डोळ्यांआड करता येत नाही. जगभरचे वैद्यकाचे विद्यार्थी आज याच चार पायऱ्यांनी लिहितात. पुष्कळांना त्यांच्या कर्त्याचे नाव ठाऊक नसते, ही गोष्ट वेगळी.

याच सुमारास संगणक आला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६६-६७च्या सुमारास रुग्णालयाच्या नोंदींसाठी एक खास संगणकीय भाषा तयार झाली. तिच्या लांबलचक नावातली आद्याक्षरे जोडून तिचे नाव पडले 'मम्प्स', म्हणजे आपले गालगुंड! नावाला हसावे, पण भाषा चिवट निघाली; तिच्यावर उभ्या राहिलेल्या व्यवस्था अर्ध्या शतकानंतरही काम करीत आहेत.

संगणक नेमका काय करू शकतो, याची एक नमुनेदार कसोटी इंडियानापोलिस येथील डॉ. क्लेमंट मॅकडोनाल्ड यांनी घेतली आणि १९७६ साली तिचा निकाल प्रसिद्ध केला. रोग्याच्या नोंदी पाहून संगणक डॉक्टरसाठी एक स्मरणचिठ्ठी छापून देई: या माणसाला अमुक औषध चालू आहे, तेव्हा तमुक तपासणी करायला हवी, वगैरे. चिठ्ठी हाती असताना डॉक्टरांनी अशा प्रसंगांपैकी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती पावले उचलली. चिठ्ठी नसताना २२ टक्के. डॉक्टर तेच, त्यांचे ज्ञान तेच. चिठ्ठी बंद झाली की विसरणे पुन्हा सुरू. अज्ञानामुळे नव्हे, तर शंभर गोष्टी एकदम ध्यानात ठेवता येत नाहीत म्हणून माणूस चुकतो, असा अर्थ मॅकडोनाल्ड यांनी लावला. वाचून डॉक्टरांविषयी राग येत नाही, उलट थोडी करुणाच वाटते.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे मोठे जाळे आहे. तेथे १९७७च्या पुढे काही हौशी डॉक्टर आणि आज्ञावली लिहिणारे यांनी, वरिष्ठांचा विरोध असताना, जवळजवळ चोरून, 'मम्प्स'मध्ये संगणकी केसपेपर रचायला घेतला. १९८२ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. त्यात भर घातली ती खाटेशी उभ्या राहणाऱ्या माणसांनी. टोपेका शहरातल्या सू किनिक या परिचारिकेचे उदाहरण सांगतो. भाड्याची मोटार परत करताना तिथला माणूस मोटारीवरच्या रेघांच्या चिठ्ठीवर एक यंत्र फिरवतो आणि हिशेब पुरा करतो, हे त्यांनी १९९२ साली पाहिले. मोटारीची ओळख अशी चुकत नाही, तर रोग्याची का चुकावी? रोग्याच्या मनगटावर आणि औषधाच्या पुडीवर तशाच रेघा लावून, दोन्ही जुळल्या तरच औषध द्यायचे, ही पद्धत त्यातून निघाली आणि पुढे त्या सगळ्या रुग्णालयांत गेली.

या केसपेपरची खरी परीक्षा २९ ऑगस्ट २००५ रोजी झाली. कट्रीना चक्रीवादळाने न्यू ऑर्लीन्स शहर पाण्याखाली गेले. लाखो माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी दूरच्या शहरांत जाऊन पडली. दवाखान्यांच्या तळघरांतले कागदी केसपेपर भिजून लगदा झाले. कर्करोगाचे औषध चालू असलेल्या रोग्याला औषधाचे नाव सांगता येईना आणि नव्या डॉक्टरला ते कळायला मार्ग नव्हता. निवृत्त सैनिकांचे रुग्णालयही बुडाले होतेच. पण त्याच्या नोंदींच्या प्रती ह्यूस्टनला हलवल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्या सैनिकांचा केसपेपर कोणत्याही गावच्या सैनिकी रुग्णालयात उघडता येऊ लागला.

इतके झाल्यावर यंत्राचा जयजयकार करून थांबावे, असा मोह होतो. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक वेगळा निबंध प्रसिद्ध झाला, तो लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पिट्सबर्गच्या एका बालरुग्णालयात २००२ साली औषधयोजना संगणकावरूनच लिहिण्याची नवी व्यवस्था अवघ्या सहा दिवसांत लागू केली. बाहेरगावच्या इस्पितळांतून अत्यवस्थ स्थितीत आणलेल्या मुलांमधले मृत्यूचे प्रमाण आधी २.८० टक्के होते, ते नंतरच्या पाच महिन्यांत ६.५७ टक्के झाले. कारणे शोधता काय दिसले? पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधे काढून ठेवीत. आता मूल दारात येऊन त्याची नोंद होईपर्यंत संगणक आज्ञाच घेईना. औषधे वॉर्डातून हलवून मध्यवर्ती भांडारात नेली होती. खाटेजवळची परिचारिका पडद्यापाशी जाऊन बसली होती. सिएटलच्या बालरुग्णालयात तीच व्यवस्था आली तेव्हा मृत्यू वाढले नाहीत. तेथे नेहमी लागणाऱ्या औषधयोजना आधीच रचून ठेवल्या होत्या. यंत्र दोन्हीकडे एकच. फरक पडला तो माणसांनी आधी केलेल्या विचाराने.

अमेरिकेने २००९ साली कायदा करून रुग्णालयांना यासाठी अफाट पैसा दिला. २००८ साली दहातल्या एकाही रुग्णालयात धड संगणकी केसपेपर नव्हता म्हटले तरी चालेल. २०१५ पर्यंत दहातल्या आठांहून अधिक रुग्णालयांत तो आला. पण गंमत पाहा! एका कंपनीचा केसपेपर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येईना. रोगी रस्ता ओलांडून समोरच्या रुग्णालयात गेला, की त्याचे कागद छापून, फॅक्सने पाठवावे लागत. प्लमरने डॉक्टरच्या हातून सोडवलेली वही शंभर वर्षांनी दुकानदाराच्या हाती गेली होती. अशी अडवणूक करू नये, म्हणून २०१६ साली आणखी एक कायदा करावा लागला.

आता आपल्या पिशवीकडे परत येऊ. तिला हसण्याचे कारण नाही. नायजेरियात डेव्हिड मॉर्ली या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने लहान मुलांच्या वाढीचे कार्ड दवाखान्यात न ठेवता आईच्याच हाती दिले, आणि आयांनी ते उत्तम जपले. पुढे आपल्याकडेही लसीचे आणि वजनाचे कार्ड आईजवळ राहू लागले. म्हणजे वही रोग्याची, हे तत्त्व आपल्या खुंटीवर केव्हाचेच लटकलेले आहे. उणीव एवढीच, की पिशवी हरवते, भिजते आणि नेमक्या वेळी दुसऱ्या गावी असते.

बीड जिल्ह्यातला ऊसतोडणी कामगार डोळ्यांपुढे आणा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो बायकोमुलांसह निघतो आणि सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडावर राहतो. त्याला क्षय झाला, तर नेहमीचा औषधोपचारही साधारण सहा महिन्यांचाच. औषध मधेच सुटले तर रोग उलटतो आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. त्याचे कार्ड गावच्या आरोग्यकेंद्रात आणि तो फडावर! सरकारने २०१२ साली क्षयरोग्यांच्या नोंदीसाठी 'निक्षय' ही संगणकी व्यवस्था सुरू केली. तीत रोग्याची नोंद एका केंद्राकडून दुसऱ्याकडे सोपवता येते. अर्थात फडाजवळच्या केंद्रातल्या माणसाने ती उघडून खोपीपर्यंत चालत गेले पाहिजे. तेवढे काम कोणताही संगणक करीत नाही.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये ज्याला हवा त्याला चौदा आकड्यांचा आरोग्य क्रमांक मिळतो. कागद ज्या त्या रुग्णालयातच राहतात. रोग्याने संमती दिली, तरच दुसऱ्याला दिसतात. प्लमरच्या पाकिटावरचा क्रमांकच हा, एका इमारतीऐवजी देशाला लावलेला. मात्र संमती म्हणजे काय, हे नावनोंदणीच्या खिडकीशी, मागे रांग उभी असताना, कोणी समजावून सांगत नाही. आपले दुखणे कोणाला कळावे हे ठरवण्याचा हक्क आपला आहे. बटण दाबण्यापूर्वी कशाला होकार देतो ते विचारून घ्या. कोणी खेकसले तर खेकसू द्या.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे, रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपून ठेवले पाहिजेत आणि रोग्याने मागितल्यास ७२ तासांच्या आत दिले पाहिजेत. तेव्हा "कागद आम्ही देत नसतो" असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे लेखी अर्ज करावा.

आणि यंत्राची वाट न पाहता आजच करण्याजोगे काही हवे असेल, तर पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावा आणि सर्वांत वर वीडसाहेबांच्या यादीसारखा एक कागद ठेवा. त्यावर चालू दुखणी, झालेल्या शस्त्रक्रिया, कोणते औषध सोसत नाही, आणि रोजच्या गोळ्यांची नावे किती वेळा घेतो यासह, सुवाच्य अक्षरात लिहा. दुसऱ्या वैद्याची पुडी चालू असेल तर तीही, संकोच न करता. वरच्या कोपऱ्यात तारीख घाला, आणि गोळी बदलली की कागदही बदला.